साइटचा मुतवल्ली कोण?

दोन वर्षांपूर्वी रमजानच्या पहिल्याच आठवड्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावातून मला फोन आला. बोलणारे चाचा तिथल्या जमातीचे जुने सेक्रेटरी. सलाम-दुआ झाली, तब्येतीची चौकशी झाली, तरी ते मुद्द्यावर येईनात. शेवटी म्हणाले, "बेटा, तू आपल्या जमातीची वेबसाइट बनवली होतीस ना, ती जरा उघडून बघ. पण घरच्यांसमोर उघडू नकोस."

मी उघडली. रमी, क्रिकेटचा सट्टा, पहिल्या खेळीला बोनस. पत्ता अक्षर न् अक्षर तोच, जो मी २००९ साली त्यांना घेऊन दिला होता. आणि तोच पत्ता सहरी-इफ्तारच्या वेळापत्रकाच्या तळाशी छापून गावातल्या घराघरात वाटला गेला होता. मशिदीच्या दाराशी लावलेल्या फलकावरही तोच होता. चाचांच्या नातवाने मोबाइलवर उघडला म्हणून कळलं, नाहीतर ईदपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नसतं.

चाचांचा समज असा, की कुणीतरी मुद्दाम जमातीची बदनामी केली. त्यांनी दोन-तीन संशयितही मनात धरले होते. त्यांना समजावताना मला घाम फुटला, कारण यात कुणी दुश्मन नव्हताच. साइटचं नाव, म्हणजे डोमेन, विकत मिळत नाही. ते भाड्याने मिळतं आणि मुदत संपायच्या आत भाडं भरावं लागतं. २००९ साली कमिटीतल्या एका उत्साही तरुणाने ते स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या कार्डावर घेतलं होतं. तो पुढे कुवेतला गेला, कार्ड बदललं, ईमेल बंद पडला. "मुदत संपत आली" अशी पत्रं त्या मेलेल्या पेटीत जात राहिली. डॉट कॉमचं नाव संपल्यावर विकणारी कंपनी साधारण दीड महिन्यापर्यंत थांबू शकते, त्यानंतर ३० दिवस दंड भरून ते परत मिळवता येतं, मग ५ दिवस ते कुलुपात असतं आणि त्यानंतर जगातला कुणीही ते घेऊ शकतो. अशी सुटलेली नावं टिपायला लोक बसलेलेच असतात. जुन्या नावाला गुगलवर पत असते, इतर साइटवरून त्याच्याकडे येणारे दुवे असतात. जुगारवाल्याला ती पत आयती मिळते. त्याला आपली जमात ठाऊकही नसते.

इतके महिने मालकाकडे मुदत होती. या सगळ्या महिन्यांत जमातीच्या एकाही माणसाने साइट उघडली नव्हती. आणि मीही उघडली नव्हती.

मी वेबसाइट बनवून पोट भरतो. पुण्यात शिकलो आणि २००४ पासून याच धंद्यात आहे. दुकानं, शाळा, दवाखाने यांच्या साइट पोटासाठी केल्या. जमाती, शिक्षणसंस्था, ग्रंथालयं, स्मरणिका आणि मराठीत लिहिणारे आपले लेखक यांच्या साइट कधी अर्ध्या पैशात, कधी चहावर केल्या. वीस वर्षांच्या या अनुभवातून माझं एक मत पक्कं झालं आहे, तेच आज मांडतो. आपल्याकडे साइट बनवणारे पुष्कळ आहेत. साइट सांभाळणारा कुणी नेमलेला नसतो. आणि ती सांभाळली जात नाही तोवर आपलं मराठीतलं लिखाण आपल्याच हातांनी पुसलं जात राहणार आहे.

साइटचं उद्घाटन कसं होतं ते ज्यांनी पाहिलं असेल त्यांना हसू येईल. शाळेचा हॉल, भाड्याचा प्रोजेक्टर, पाहुण्यांच्या हस्ते माऊसची एक कळ दाबली जाते, टाळ्या, दुआ, चहा-बिस्किटं. भाषणात "आता आपली जमात जगाशी जोडली गेली" हे वाक्य हमखास. पहिल्या महिन्यात फोटो येतात, कमिटीच्या सर्व सभासदांचे, हुद्द्यासकट. दुसऱ्या महिन्यात एका सभासदाचा फोन येतो की त्याचा फोटो उपाध्यक्षांच्या खाली का लावला. तिसऱ्या महिन्यानंतर शांतता. पाच वर्षांनी उघडा, "ताज्या घडामोडी" या मथळ्याखाली पाच वर्षांपूर्वीच्या ईदच्या शुभेच्छा लुकलुकत असतात. निवडणूक होऊन कमिटी बदलली की नवी कमिटी म्हणते, ती जुन्या लोकांची साइट, आपण नवी करू. जुनीचं काय करायचं हे कुणी विचारत नाही.

यात पैशांचाही प्रश्न आहे. मशिदीला रंग द्यायचा, पंप दुरुस्त करायचा, तर वर्गणी निघते, कारण पंप बंद पडला की वजूला पाणी येत नाही आणि ते त्याच दिवशी कळतं. साइट बंद पडल्याचं कळायला वर्षं जातात. एका ट्रस्टींना मी वार्षिक खर्चाचा कागद दिला, तर ते म्हणाले, "एकदा बनवून झाली ना? मग दरवर्षी कसले पैसे?" मी म्हणालो, "चाचा, विहीर एकदा खणून होते, पण गाळ दर दोन-तीन वर्षांनी काढावा लागतो." ते हसले. पैसे मात्र दिले नाहीत.

ही झाली जमातीच्या साइटची गोष्ट. सूचना, फोन नंबर, फोटो गेले तर फार मोठं नुकसान नाही असं कुणी म्हणेल. लिखाण जातं तेव्हा काय जातं, ते मला एका सरांमुळे कळलं. त्यात चूक माझी होती, म्हणून ती सविस्तर सांगतो.

सर निवृत्त मराठी शिक्षक. घाटावरच्या एका तालुक्याच्या गावात राहत. वृत्तपत्रांत अधूनमधून लिहीत, पण त्यांना मोकळेपणाने लिहायचं होतं, म्हणून २००६ साली मी त्यांची साइट बनवली. तोवर त्यांचे बरेच लेख एका डीटीपीवाल्याकडे टाइप झालेले होते, जुन्या फॉन्टमध्ये. आजच्या मुलांना हे सांगावं लागतं. त्या काळात मराठी फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असत. पडद्यावर "क" दिसे, पण संगणकाच्या लेखी ते एखादं इंग्रजी अक्षरच असे. तो फॉन्ट ज्याच्याकडे नाही त्याला नुसता गचाळा दिसणार. शोधायला जावं तर गुगललाही काही सापडणार नाही.

म्हणून ते लेख युनिकोडमध्ये आणणं भाग होतं. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, फॉन्ट कुठलाही असो. रूपांतर करणारे प्रोग्राम मिळत, पण त्यांचं काम कच्चं. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होई आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो. त्यामुळे रूपांतर झालं की "धर्म"चा "धमर्" व्हायचा आणि "वर्ष"चं "वषर्". सर हसून म्हणाले, "बेटा, तुझ्या यंत्राने धर्माचीच मोडतोड केली." मग आम्ही दोघांनी बसून ओळ न् ओळ तपासली. माझ्या आईची भाषा कोकणातली, तिथे दर्या म्हणजे समुद्र. सरांच्या लेखात सह्याद्रीच्या दऱ्या होत्या. तो रफार आणि तो अर्धा र यांत गल्लत झाली की डोंगरात समुद्र यायचा.

आणखी एक गंमत आठवते. सर मराठी वाक्यात मधेच अरबी शब्द अरबी लिपीत लिहीत आणि पुढे इंग्रजी कळफलकावरचे आकडे. अरबी उजवीकडून डावीकडे जाते. त्यामुळे तिच्यामागे आलेला आकडा पडद्यावर उडी मारून तिच्या डाव्या बाजूला जाऊन बसे. कितीही वेळा टाइप करा, तो तिथेच. एके दिवशी मी तेच आकडे देवनागरीत टाइप केले आणि ते मुकाट्याने जागेवर बसले, कारण संगणकाच्या नियमांत देवनागरी आकडा डावीकडून उजवीकडेच चालतो, शेजारी कुणीही असो. सरांना हे फार आवडलं. त्यांनी चार जणांना फोन करून सांगितलं.

सहा वर्षांत सरांचे ६४ लेख साइटवर जमले. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीवर खडी फोडायला गेलेल्या त्यांच्या वालिदांवर एक होता. त्यांच्या आईच्या जात्यावरच्या ओव्यांवर एक होता. मोहरमच्या सवारीला खांदा देणाऱ्या गावातल्या हिंदू घरांवर एक. मराठी शाळेत मुसलमान शिक्षक मराठी व्याकरण शिकवतो म्हणून पहिल्या दिवशी कुजबुजणाऱ्या पालकांवर एक. एकही लेख तक्रारीच्या सुरात नव्हता.

२०१२ साली मी त्यांची साइट स्वस्त सर्व्हरवर हलवायचं ठरवलं. जुन्या सर्व्हरवरून डेटाबेसची प्रत काढली, नव्यावर चढवली, मुखपृष्ठ उघडून पाहिलं, बरोबर दिसलं. मुखपृष्ठावरचं शीर्षक म्हणजे खरं तर चित्र होतं, म्हणून ते बरोबर दिसलं, हे माझ्या ध्यानात आलं नाही. जुना सर्व्हर त्याच संध्याकाळी बंद केला, नव्या महिन्याचं भाडं वाचावं म्हणून. दुसऱ्या दिवशी सरांचा फोन. "लेखांच्या जागी काही वेगळंच दिसतंय रे."

लेखांच्या जागी प्रश्नचिन्हं होती. पानंच्या पानं. प्रत काढताना अक्षरसंच जुना, पश्चिम युरोपीय भाषांचा निवडलेला राहिला होता. त्या संचात मराठी अक्षरं नाहीत, म्हणून यंत्राने प्रत्येक अक्षराच्या जागी एकेक प्रश्नचिन्ह लिहून टाकलं. या धंद्यातल्या माणसाला ठाऊक असतं की गचाळा दिसला तर आशा असते, मूळ अक्षरं आत शाबूत असतात, उलटी प्रक्रिया करून परत मिळतात. प्रश्नचिन्ह दिसलं की खेळ संपला. मूळ अक्षर कुठेच उरलेलं नसतं. त्या पानांवर फक्त विरामचिन्हं आणि इंग्रजी कळफलकावरून टाइप केलेले आकडे वाचले होते. एका पानावर प्रश्नचिन्हांच्या ओळी आणि मधोमध एकटं १९७२. तो खडी फोडण्याचा लेख होता, एवढंच कळत होतं.

जुन्या सर्व्हरच्या कंपनीला मी विनवण्या केल्या. खातं बंद झालं होतं, माहिती पुसली गेली होती. त्यांची काही चूक नव्हती. प्रत काढल्यावर ती उघडून बघायची असते, ही या धंद्यातली पहिली शिकवण. मी ती दुसऱ्यांना शिकवत होतो.

मग शोध सुरू झाला. इंटरनेट आर्काइव्ह नावाची संस्था १९९६ पासून जगभरच्या पानांच्या प्रती ठेवते. तिथे सरांचे २२ लेख मिळाले. सरांच्या घरी एका रेक्झिनच्या पिशवीत छापील प्रती होत्या, त्यातून २४ मिळाले. ते मी आणि माझ्या बहिणीने पुन्हा टाइप केले. कुवेतमधल्या एका वाचकाने आवडलेले लेख स्वतःला ईमेल करून ठेवले होते, त्यातून ७. एकूण ५३ परत आले. ११ गेले.

सर एका शब्दानेही रागावले नाहीत. "मी परत लिहितो" म्हणाले. चार लिहिलेही. चौथा लिहून पाठवला तेव्हा सोबत चिठ्ठी होती की आता डोळे साथ देत नाहीत. पुढच्या वर्षी ते गेले. उरलेले सात लेख कशावर होते, ते मला आज नीट सांगताही येत नाही. जात्यावरच्या ओव्यांचा लेख त्या सातांत आहे. सरांच्या आईच्या ओव्या त्यांच्याशिवाय कुणाला पाठ नव्हत्या.

इथे कुणी म्हणेल, आता स्वतःची साइट कशाला हवी? फेसबुक आहे, व्हॉट्सॲप आहे, सगळं फुकट. हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. जनाज्याची वेळ, रक्ताची गरज, हरवलेलं मूल, यासाठी व्हॉट्सॲपच्या तोडीचं काही नाही. जी जमात वर्षभर साइट उघडत नाही ती व्हॉट्सॲप मिनिटामिनिटाला उघडते. ज्याला फक्त बातमी पोहोचवायची आहे त्याने साइटच्या भानगडीत पडूच नये, असा सल्ला मी स्वतः देतो आणि माझं गिऱ्हाईक घालवतो.

पण बातमी वेगळी आणि दस्तऐवज वेगळा. व्हॉट्सॲपवर गेल्या रमजानमध्ये आलेला चांगला लेख आज शोधून दाखवा. फोन बदलला की तोही गेला. आणि फुकटच्या जागांचा भरवसा किती, तेही आपण पाहिलं आहे. जिओसिटीज २००९ साली बंद झालं. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झालं. किती मराठी समूह, किती वाद, किती कविता त्याच्याबरोबर गेल्या. गुगल प्लस २०१९ मध्ये गेलं. याहू ग्रुप्सवरची जुनी पत्रं २०१९ च्या अखेरीपासून पुसली गेली आणि पुढच्या वर्षी ती सेवाच थांबली. प्रत्येक वेळी आधी सूचना आली होती. ती कुणी वाचायची, हे ठरलेलं नव्हतं. परक्याच्या ओसरीवर बसायला हरकत नाही, पण दागिन्यांचा डबा तिथे ठेवून येऊ नये.

याउलट मायबोलीसारखी साइट पाहा. १९९६ पासून चालू आहे. या काळात फॉन्ट बदलले, यंत्रं बदलली, लोक बदलले, तरी ती उभी आहे. त्यात काही जादू नाही. कुणीतरी भाडं भरतं, कुणीतरी प्रती काढतं, जुनं नव्या लिपीत आणायचं कष्टाचं काम कुणीतरी करतं.

हे सगळ्यांनाच लागू आहे, मग मी मराठी मुसलमानांबद्दलच का बोलतोय? कारण आपलं छापील लिखाण मुळातच थोड्या प्रतींत निघतं. संमेलनाची स्मरणिका निघते, पाहुण्यांना वाटली जाते आणि संपते. नियतकालिकं चार-पाच वर्षं चालतात आणि संपादकाची नोकरी किंवा तब्येत संपली की बंद पडतात. ग्रंथालयात त्यांच्या फायली क्वचित सापडतात. मग उरतं ते नेटवर. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत ग्रंथरचना केली, ती आपल्यापर्यंत आली, कारण पिढ्यान्‌पिढ्या कुणीतरी बसून नकला केल्या. शाहीर अमर शेख, हमीद दलवाई यांचं लिखाण छापलं गेलं, म्हणून त्यावर आजही भांडता तरी येतं. आजच्या आपल्या लेखकाचं लिखाण एका सर्व्हरवर, एका प्रतीत, एका माणसाच्या पासवर्डखाली असतं.

"तुम्ही मराठी छान बोलता हं" हे कौतुक आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. त्यावर चिडून काय उपयोग? मराठी मुसलमान असे शब्द टाकून कुणी शोधायला बसला तर त्याला काय सापडतं, याचा विचार करा. आपल्याविषयी इतरांनी लिहिलेलं भरपूर सापडतं. आपण आपल्या घराबद्दल, शेताबद्दल, शाळेबद्दल मराठीत लिहिलेलं कमी सापडतं. त्यातलं काही कधी लिहिलंच गेलं नाही, हे खरं. पण काही लिहिलं गेलं होतं आणि त्याच्या जागी आज रमी आहे, हेही खरं.

सांभाळणं म्हणजे सगळं कायम ठेवणं, असंही नाही. यावरून माझं एका शिक्षणसंस्थेशी भांडण झालं. त्यांना शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलामुलींची यादी साइटवर हवी होती. नाव, वडिलांचं नाव, गाव, फोन आणि मिळालेली रक्कम. हेतू चांगला होता, हिशेब पारदर्शक असावा. मी म्हणालो, हिशेब एकूण रकमेचा द्या, मुलांची नावं देऊ नका. अध्यक्ष म्हणाले, देणगीदार विचारतात. मी विचारलं, "तुमच्या घरात कुणी मदत घेतली तर तिच्या नावाची पाटी चौकात लावाल का?" चौकातली पाटी पावसात धुऊन जाते. नेटवरची यादी ती मुलगी डॉक्टर झाल्यावरही तिचं नाव शोधणाऱ्याला दिसत राहते. लग्नाच्या स्थळांच्या पानावर मुलींचे फोन नंबर उघडे टाकलेले मी दोन ठिकाणी पाहिले आणि दोन्हीकडे स्वतःच्या जबाबदारीवर काढले. एका जमातीने त्यावरून माझं काम बंद केलं. सांभाळणाऱ्याला काय झाकायचं हेही कळलं पाहिजे.

आपल्याकडे यासाठी शब्द तयार आहे. वक्फची जमीन, मशीद, कब्रस्तान सांभाळणारा तो मुतवल्ली. तो मालक नसतो. मालमत्ता अमानत म्हणून त्याच्या ताब्यात असते, त्याने हिशेब ठेवायचा असतो आणि त्याच्यामागे दुसरा येतो. मुतवल्ल्यांच्या कारभाराच्या तक्रारीही आपल्याला काही कमी ठाऊक नाहीत. तरी निदान माणूस नेमलेला असतो, नोंद असते, जाब विचारता येतो. साइटला तेवढंही नसतं. ती "त्या संगणकवाल्या पोराची" असते. पोरगा दुबईला गेला की साइट यतीम.

मला विचाराल तर करायच्या गोष्टी थोड्या आहेत आणि एकीलाही मोठा खर्च नाही. साइटचं नाव संस्थेच्या नावावर आणि संस्थेच्या ईमेलवर असावं, माझ्यासारख्याच्या नव्हे. डॉट कॉमचं नाव एका वेळी १० वर्षांपर्यंत भरता येतं, तेव्हा ज्या वर्षी वर्गणी बरी जमेल त्या वर्षी लांबचं भरून टाकावं. पासवर्ड दोघांकडे असावेत आणि एका बंद पाकिटात, जमातीच्या कागदपत्रांबरोबर कपाटात. कमिटी बदलली की किल्ल्या, पावतीपुस्तक आणि ते पाकीट एकत्र सोपवावं, तशी सही घ्यावी. महिन्यातून एकदा प्रत काढावी आणि ती दुसऱ्या यंत्रावर उघडून दोन लेख शेवटपर्यंत वाचून पाहावेत. नुसतं मुखपृष्ठ पाहून झोपायला जाऊ नये, हे मी अनुभवाने सांगतो. महत्त्वाची पानं इंटरनेट आर्काइव्हवर स्वतःहून नोंदवता येतात. पत्ता टाकायचा, कळ दाबायची, पैसे पडत नाहीत. आणि लेखकांनी प्रत्येक लेखाची एक छापील प्रत ठेवावी. सरांच्या रेक्झिनच्या पिशवीने माझ्या सर्व्हरपेक्षा जास्त लेख वाचवले.

आमच्या धंद्यातल्या पोरांनाही एक सांगणं आहे. समाजाचं काम फुकट करा, जरूर करा, पण अर्धवट करू नका. दिखाऊ हलती चित्रं लावण्याऐवजी साधं पान करा, जे तुमच्यामागे येणाऱ्या अडाण्यालाही चालवता येईल. आणि ज्या दिवशी साइट सोपवाल त्या दिवशी एक पानभर मराठीत लिहून द्या: काय कुठे आहे, भाडं कधी भरायचं, बंद पडलं तर कुणाला विचारायचं. मी पंधरा वर्षं ते पान कुणाला लिहून दिलं नाही. मनातून वाटायचं, माझ्याशिवाय त्यांचं अडलं पाहिजे. अडलं, आणि नुकसान माझं झालं नाही, त्यांचं झालं.

जमातीचं जुनं नाव परत मिळालं नाही. जुगारवाल्याने मागितलेली रक्कम ऐकून चाचांनी फोन कानापासून लांब धरला. आम्ही दुसरं नाव घेतलं, फलक बदलला, उरलेल्या वेळापत्रकांवर पोरांनी शुक्रवारच्या नमाजानंतर बसून चिकटपट्ट्या लावल्या. नव्या साइटवर कमिटीचे फोटो नाहीत. गावातल्या वयस्क माणसांकडून आठवणी लिहून घेण्याचं काम दोन कॉलेजच्या मुली करतात. सरांचे ५७ लेखही त्यांच्या मुलाच्या परवानगीने आता तिथेच ठेवले आहेत.

गेल्या महिन्यात चाचांचा पुन्हा फोन आला. मी जरा घाबरतच उचलला. म्हणाले, "बेटा, काही झालेलं नाही. आज पहिली तारीख, म्हणून पोरींनी प्रत काढून माझ्यासमोर उघडली. दोन लेख वाचून दाखवले. रजिस्टरमध्ये सही केली आहे, तुला कळवतो." आणि मग जरा थांबून, "तो खडी फोडण्याचा लेख होता. चांगला लिहिलाय रे."

तो सरांनी परत लिहिलेल्या चारांपैकी एक.